कोणी नाय

जीप चालवताना मोहाची मोरी आली की दादांनी विचारायचं, "कोण हाय का?" आणि त्यांच्या डावीकडे जो बसला असेल त्यानं समोरच्या काचेतून सरळ बघत म्हणायचं, "कोणी नाय." मान वळवायची नाही, दुसरा शब्द बोलायचा नाही, आणि का म्हणून विचारायचं तर मुळीच नाही.

चिंचणीच्या त्या घरात जीप आली तिच्याही आधीपासून हा नियम होता. मंगलाच्या आजोबांकडे एक जुनी लॉरी होती, तेव्हा त्यांनी तो घालून दिलेला. लॉरी भंगारात गेली, आजोबा गेले, नियम मात्र मागे राहिला. देवाला नैवेद्य दाखवायला उशीर झाला तर दमयंतीआत्या नुसती कुरकुरायची. मोरीवरचं उत्तर चुकलं तर काय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते कधी चुकलंच नव्हतं. निदान मंगलाला तरी असंच सांगितलं होतं.

मोरी म्हणजे काही मोठी जागा नव्हे. बेटेगाव मागे टाकून रस्ता महामार्गाकडे निघाला की झाडी जवळ येते, आणि एका वळणावर नाल्यावरची दगडी मोरी लागते. तिचा एक कठडा कधीच ढासळलेला. शेजारी मोहाचं जाडजूड झाड. दिवसाउजेडी तिथून जाणाऱ्याला त्या जागेची आठवणसुद्धा राहणार नाही.

त्या वर्षी मंगला पालघरहून बी.एस्सी. होऊन घरी आली होती. हॉस्टेलात राहून तिची जीभ धारदार झाली आहे असं घरच्यांचं मत, आणि घरात राहून घरच्यांची डोकी गंजली आहेत असं तिचं. आल्या आल्या तिला कळलं की शांतारामदादा अजूनही परतलेला नाही. शांताराम म्हणजे बळवंतकाकांचा मुलगा. जीपची डावी सीट इतकी वर्षं त्याची होती. चिकूचे खोके चढवणं, उतरवणं, चाक बदलणं, सगळं तोच करायचा. मागच्या दिवाळीच्या तोंडावर तो अचानक वापीला कारखान्यात कामाला लागला, तो परत आलाच नाही.

"का गेला?" तिनं विचारलं.

"नोकरी लागली," काका म्हणाले.

"इथे बोईसरला दोनशे कारखाने आहेत. वापीलाच का?"

"तुला प्रत्येक गोष्टीचा 'का' लागतो," आत्या म्हणाली. "सासरी जाशील तेव्हा कळेल."

वर्षभर काकांनीच डावीकडे बसून कसंबसं निभावलं होतं; आता ती सीट रिकामी होती आणि मंगलाही रिकामीच होती. काकांनी फर्मान काढलं की नोकरीचं पत्र येईपर्यंत तिनं दादांबरोबर जायचं. दादा म्हणजे तिचे वडील, कृष्णकांत. काका स्वतः पूर्वी गाडी चालवत, पण डोळ्यांमुळे त्यांनी ती केव्हाच सोडली होती. मंगलाला स्टिअरिंग धरता येत होतं. वाडीतल्या वाडीत शांतारामनं तिला शिकवलं होतं. पण मुलीनं रस्त्यावर जीप चालवायची हे काकांच्या कल्पनेबाहेर होतं. तिनं शेजारी बसायचं आणि मोरीवर दोन शब्द म्हणायचे, बस्स.

पहिल्या फेरीला दुपारी चिकू घेऊन ते महामार्गावर गेले, ट्रकमध्ये खोके चढवले आणि परत फिरले. जाताना मोरीवर तिनं गंमत म्हणून ठणकावून सांगितलं, "कोणी नाय!" दादा हसले नाहीत.

येताना तिन्हीसांजा झाल्या होत्या. कार्तिकातली संध्याकाळ. गार दव उतरायला लागलेलं, डोंगरावरचं गवत कापून झालेलं, आणि त्या कापलेल्या गवताचा ओलसर गोड वास रस्त्यावर साचून राहिलेला. जीपचे दिवे लावले तरी उपयोग नाही आणि न लावले तरी चालत नाही, अशी ती वेळ. मोहाचं झाड समोर आलं.

"कोण हाय का?" दादांचा आवाज एकदम खाली गेला.

"कोणी नाय," मंगला म्हणाली, आणि तिला हसू आलं.

"हसू नको."

तेव्हाच तिला तो आवाज आला. टक्... टक्. लाकडावर लोखंड आपटल्यासारखा. डाव्या अंगानं, अगदी तिच्या कोपराशी, जीपला दार नव्हतं त्या उघड्या बाजूनं. मोरी मागे पडली तसा आवाजही मागे पडला.

रात्री जेवताना ती म्हणाली, "काका, गाडीचा कुठला तरी नट सैल झालाय. मोरीवर वाजत होता."

काकांचा घास हातातच राहिला. "कुठल्या बाजूनं?"

"डाव्या."

"असेल," काका म्हणाले. "जुनी गाडी हाय." आणि ते ताटावरून उठले. भात तसाच राहिला. एरवी शितासाठी पोरांना ओरडणारा माणूस.

ड्रायव्हरच्या शेजारी रोज बसणाऱ्याला रस्त्यापेक्षा ड्रायव्हरचा चेहरा जास्त पाठ होतो. मंगला दादांकडे बघायला लागली. पालघरला असताना एस.टी.त ती नेहमी पुढे बसायची, तेव्हा तिनं ड्रायव्हरचे डोळे पाहिले होते. ते एका जागी ठरत नसत. आरशात जात, कडेच्या कोंबडीवर जात, सायकलवाल्यावर जात, दारातून धावत सुटलेल्या पोरावर जाऊन परत येत. माशी बसते आणि उडते तसे.

दादांचे डोळे उडतच नव्हते. ते समोर, बॉनेटच्या टोकाच्या थोडे पुढे, खिळा ठोकल्यासारखे बसलेले असत. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, आरशात तर कधीच नाही. आणि याच गोष्टीचं बोईसरच्या नाक्यावर केवढं कौतुक! चहावाला सगळ्यांना सांगायचा, "नजर शिकावी तर किसनदादाकडून. बाजूनं हत्ती जाऊ दे, हा मान वळवायचा नाय."

त्याच नाक्यावर एका संध्याकाळी पाळी सुटली होती. कारखान्यांतून सायकलींचा लोंढा निघाला होता आणि हवेत ती रोजची आंबूस, डोळे चुरचुरवणारी वाफ होती. एक सायकलवाला डावीकडून आला, जीपच्या कोपऱ्याला घासला आणि पडता पडता वाचला.

"अंधे हो क्या, चाचा?" तो ओरडला.

दादांनी करकचून ब्रेक दाबला आणि मंगलाकडे वळून विचारलं, "हा कुठून आला गो?"

ते खरंच विचारत होते. तो माणूस चांगला पन्नास पावलं तिच्या डोळ्यांसमोरून येत होता, घंटी वाजवत. आणि दादांच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य की जणू तो आभाळातून पडला.

मंगलाचं हसू तिथेच संपलं. घरी ती लक्ष ठेवू लागली. दादा पडवीत बसत तेव्हा डाव्या हाताला ठेवलेला तांब्या हमखास लवंडायचा. उंबऱ्याला ठेच लागायची. मांजर पायाखाली यायचं आणि शिव्या मांजराला पडायच्या. एके दिवशी दादा समोरच्या माडाकडे बघत बसले असताना ती मागून गेली आणि बाजूनं हळूहळू हात पुढे नेला. हात त्यांच्या खांद्याच्या पुढे गेला. कानाच्या पुढे गेला. जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा कुठे ते दचकले.

"काय चावटपणा हा?"

"दादा, तुम्हाला माझा हात दिसला नाही?"

"आत्ता तर आणलास! दिसला की!"

चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून ती त्यांना पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी भिंतीवर मोठं काळं कापड टांगलं होतं. दादांना समोर बसवून, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. मग एका काळ्या काठीच्या टोकाला लावलेला पांढरा मणी ते कडेकडून आत सरकवू लागले. मणी दिसला की सांगायचं. दादा सांगत तिथे डॉक्टर टाचणी टोचत. सगळं झालं तेव्हा मंगलानं कापडाकडे पाहिलं. भिंतभर काळोख आणि त्याच्या मधोमध टाचण्यांचं एक कडं, भाकरीएवढं. दुसऱ्या डोळ्याचं कडं त्याहून लहान.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले. "फार पुढे गेलाय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. थेंब देतो. गाडी मात्र आजपासून बंद."

"पण मला सगळं दिसतंय," दादा म्हणाले. "कुठे काळं नाय, कुठे अंधार नाय."

"तेच तर," डॉक्टर म्हणाले. "गेलेली जागा काळी दिसत नाही. मन ती भरून काढतं. शेजारचा रस्ता घेतं, शेजारचं झाड घेतं आणि भोकावर ठिगळ लावतं. तिथे माणूस उभा असला तरी तुम्हाला मोकळा रस्ताच दिसणार, आणि तुम्ही शपथेवर सांगणार की कोणी नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं? वडिलांना? भावाला? रक्तातून येतं हे."

दादा खुर्चीवरून उठले. "चल मंगले. गाडी चुकेल."

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. दिवाळीची सुट्टी संपली की सोमवारपासून दादांची जीप चिंचणीतल्या मुलांना बोईसरच्या शाळेत नेणार होती. बोलणी झाली होती, पोरांच्या आया गेल्या आठवड्यात येऊन पोह्यांचे लाडू ठेवून गेल्या होत्या. मंगलानं पडवीत उभं राहून सांगितलं की दादा ती गाडी चालवणार नाहीत.

"डॉक्टरचं काय ऐकतेस?" काका म्हणाले. "आमच्या बाबांनापण असंच होतं. मरेपर्यंत लॉरी चालवली त्यांनी. मलापण हाय."

"म्हणून तुम्ही गाडी सोडलीत! मग दादांना का चालवू देता?"

"दोघांनी सोडली तर घर कोण चालवणार, तू?"

"हो, मी! मला येते जीप."

आत्यानं कपाळावर हात मारला. मंगला मात्र बोलता बोलता थांबली होती. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं.

"आजोबांना डावीकडचं दिसत नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "म्हणून ते शेजारच्याला विचारायचे. कोण आहे का. हे समजलं. पण मग उत्तर आधीच का ठरवून ठेवलं? बघायचं नाही आणि 'कोणी नाय' म्हणायचं, हे कोणी ठरवलं? आणि त्याच मोरीवर का?"

 काकांनी पान जुळवायला घेतलं आणि त्यांच्या हातून चुना सांडला.

दुसऱ्या दिवशी वाडीत बुधी चिकू तोडायला आली होती. ती डोंगराकडच्या पाड्यावरची. दरवर्षी ती आणि तिची बहीण भागी अशा दोघी यायच्या, यंदा ती एकटीच होती. मंगलानं सहज विचारलं, भागी कुठे आहे.

बुधीनं हातातला झेला, फळं तोडायची जाळीची काठी, खाली ठेवला. "तुला नाय सांगला कोनी? मेली ती, बाय. गेल्या साली."

"कशानं?"

"गवताचा भारा घेऊन येत होती. मोहाच्या मोरीवर. गाडी लागली. सांज होती, गाडी थांबली नाय. सगळ्या रस्त्याला गवतच गवत, तिला आमी गवताखालशी काडली." तिनं पायाशी पडलेला एक चिकू उचलून पाटीत टाकला. "कोयता नाय गावला तिचा. लय शोधला. कमरेच्या लाकडी आकडीला लावलेला असायचा. चालली का वाजायचा. अंधारात पन कलायचा, भागी आली."

"कसा वाजायचा?" मंगलानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला वाटलं की विचारायला नको होतं.

बुधीनं बोटाच्या पेरानं झेल्याच्या काठीवर वाजवून दाखवलं. टक्... टक्.

मंगला गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या जीपकडे गेली. इतके दिवस तिनं पाहिलं होतं पण बघितलं नव्हतं. डावा मडगार्ड उजव्यापेक्षा गडद होता. रंग नवा होता. ब्रशचे ओघळ सुकलेले, घाईघाईनं मारलेल्या हाताचे. शांतारामदादाला रंगकाम कधीच नीट जमलं नव्हतं.

रविवारी मनोरला आत्याच्या नणंदेकडे बारसं होतं. सगळे निघाले, जीप दादांच्याच हातात. मोरीवर काय होतं ते मंगलाला स्वतः बघायचं होतं, म्हणून ती मुद्दाम काही बोलली नाही, गुपचूप डाव्या सीटवर जाऊन बसली. जीपमागे समोरासमोर दोन बाकडी होती. उजव्या बाकड्यावर रिकामे खोके रचले होते, म्हणून काका आणि आत्या डाव्या बाकड्यावर बसले, काका पुढे, आत्या मागच्या टोकाला. परतताना उशीर करायचा नाही असं आत्या दहादा म्हणाली होती, पण बारशाच्या घरातून कोण वेळेवर निघतं? बेटेगावचे डोंगर दिसू लागले तेव्हा सूर्य गेला होता.

उजेड होता, पण तो कोणत्याच वस्तूवर पडत नव्हता. झाडं, रस्ता, आभाळ, सगळं एकाच राखेत कालवल्यासारखं. कापलेल्या गवताचा वास आला. मंगलाला आठवलं की दुपारी जाताना ती माळरानं तिनं नीट पाहिली होती. गवत कधीच नेऊन झालं होतं. माळ बोडके होते.

वास तरीही येत होता. जसजशी मोरी जवळ येत होती, तसतसा दाट होत होता.

मोहाचं झाड दिसलं. दादांनी गियर बदलला. त्यांचे डोळे समोर, खिळ्यासारखे.

"कोण हाय का?"

मंगला बोलली नाही.

"मंगले... कोण हाय का?"

"तुम्हीच बघा ना, दादा. मान वळवा आणि बघा."

"म्हण गो!" मागून काका ओरडले. "नियम हाय तो! म्हण!"

टक्... टक्.

मंगलानं मान वळवली.

रस्त्याच्या कडेनं, त्यांच्याच दिशेनं, एक बाई चालली होती. पाठमोरी. डोक्यावर गवताचा एवढा मोठा भारा की कमरेपर्यंत सगळं गवतच. खाली दोन अनवाणी पाय आणि कमरेला हलणारा कोयता. ती कडेवरून मध्ये येत होती. जीपच्या डाव्या कोपऱ्याच्या बरोबर पुढे. गाडी तिच्यावर जात होती आणि दादा मोकळ्या रस्त्याकडे बघत होते.

"आहे!" मंगला किंचाळली. "दादा, ब्रेक! आहे, आहे!"

जीप हिसका देऊन थांबली. इंजिन बंद पडलं. मागचे खोके धडाधड कोसळले आणि मग इतकी शांतता झाली की रेडिएटरमधलं पाणी खदखदताना ऐकू येत होतं.

समोर कोणीच नव्हतं.

मंगला उडी मारून उतरली. चाकाखाली बघितलं. मोरीच्या तुटलेल्या कठड्यावरून वाकून नाल्यात बघितलं. कोरडे दगड. रस्त्यावर एक काडीसुद्धा नाही. फक्त तो वास.

ती परत आली तेव्हा तिघंही जागचे हलले नव्हते.

"काय म्हणालीस तू?" काकांचा आवाज कोरडा पडला होता.

"आहे म्हणाले. दिसली म्हणून म्हणाले." ती मागच्या बाकड्याकडे वळली. "काका, मागच्या वर्षी शांतारामदादा इथे काय म्हणाला होता?"

आत्यानं पदर तोंडाला लावला.

"काय म्हणाला होता?"

उत्तर दादांनी दिलं. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर, डोळे अजून समोर. "म्हणायचं तेच म्हणाला. कोणी नाय. त्यानं बघितलं नाय... बघायचं नसतं." त्यांनी तळहातानं समोरची काच पुसली. "रस्ता मोकळा होता, मंगले. मला मोकळाच दिसला. तुझ्या आईची शपथ. मग काहीतरी वाजलं... आणि काचेवर गवत आलं. सगळ्या काचेवर."

"आणि तुम्ही थांबला नाहीत."

"मी म्हटलं, चल," काका म्हणाले. "मी होतो मागे. बाबांच्या येळेलापण असंच... तेव्हापण आम्ही थांबलो नव्हतो. तेव्हा पोर होती एक, शेळ्या घेऊन... त्यानंतरच बाबांनी नियम घातला."

मंगला दादांच्या बाजूला गेली. "सरका."

"काय?"

"डावीकडे सरका, दादा. मी चालवते. आणि उद्या शाळेची पोरं या गाडीत तुमच्या हातात बसणार नाहीत. परवाही नाही. किल्ली आजपासून माझ्याकडे."

एरवी या बोलण्यावर काकांनी आकाशपाताळ एक केलं असतं. आज ते पडलेले खोके सरळ करत राहिले. दादा मुकाट्यानं डाव्या सीटवर सरकले. बसताना त्यांचा हात दांड्यावर आपटला, तो त्यांना दिसला नव्हता.

मंगलानं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. क्लच सोडला, आणि त्याच वेळी मागे कोणीतरी चढल्यावर बसतो तसा जीपला हलकासा दचका बसला. मागची डावी स्प्रिंग करकरली आणि खाली गेली.

ती थांबली नाही. मोरी ओलांडली. वळण घेतलं. दर वेळी मोरीनंतर मागे पडणारा तो आवाज या वेळी मागे पडला नाही. खड्डा आला की यायचा. टक्. पुढचा खड्डा. टक्. बाहेरून नाही. आतून.

"मंगले..." बळवंतकाकांचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. अंधाराला घाबरलेल्या मुलाचा आवाज. "मंगले, बाळा, तेवढं म्हण... एकदाच म्हण. कोणी नाय म्हण. म्हटलं की उतरेल ती... दर येळेला मागेच राहते."

मंगलानं आरशात पाहिलं. दादा ज्या आरशात कधी बघत नसत, त्या आरशात. आत्यानं डोळे घट्ट मिटले होते आणि ती काकांना अगदी चिकटून बसली होती, गुडघे जवळ ओढून. मघाशी ती ज्या टोकाला बसली होती तिथे एका माणसाची जागा रिकामी सोडलेली होती. तिथलं रेक्झिन खोल दबलेलं होतं. गाडी उसळत होती, खोके उसळत होते, ती खोलगट जागा मात्र वर येत नव्हती.

"म्हण ना गो..." आत्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली.

"नाही म्हणणार," मंगला म्हणाली. "ती आहे. मी कोणी नाही असं म्हणणार नाही. आज नाही आणि यापुढे कधीच नाही."

  बोईसरचे दिवे आले, नाका आला, सायकलींची गर्दी आली. मंगलाचे डोळे डावीकडे जात होते, उजवीकडे जात होते, आरशात जाऊन परत येत होते. प्रत्येक वेळी आरशात ती जागा तशीच होती.

चिंचणीला घरासमोर तिनं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. दादा चाचपडत उतरले. काका उतरले. आत्याला हाताला धरून उतरवावं लागलं. सगळे पडवीच्या पायरीवर गोळा होऊन उभे राहिले, आणि कंदिलाच्या उजेडात जीपकडे बघत राहिले.

ती आता पूर्ण रिकामी होती. तरीही डावीकडे कललेलीच होती.